भाव उतरेपर्यंत

"...ते सगळं ठीक आहे मास्तर, पण प्रोसेसर सहा कोअरचा घ्यायचा की आठ? एवढंच सांगा."

डुबल सरांनी हे विचारलं तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. मुल्ला मास्तर एका जुन्या पंख्यातली धूळ ब्रशनं काढत होते. त्यांनी मान वर केली नाही.

मास्तरांचं कॉम्प्युटर जुळवून द्यायचं दुकान कराडच्या स्टँडमागं, पहिल्या मजल्यावर आहे. पूर्वी आयटीआयला शिकवायचे, म्हणून मास्तर. माझं दुकान शेजारी, इन्व्हर्टरच्या बॅटऱ्यांचं. गिऱ्हाईक नसलं की मी त्यांच्या स्टुलावर जाऊन बसतो, आणि गिऱ्हाईक माझ्याकडं फारसं नसतंच.

डुबल सर ज्युनिअर कॉलेजला गणित शिकवतात. सहा वर्षांपूर्वी पहिल्यांदा आले ते हात जोडून. म्हणाले, मुलीला गेम खेळायचा कॉम्प्युटर हवाय, थोडक्या पैशात बसवायचाय, मला यातलं ओ की ठो कळत नाही, शिकवा.

मास्तरांनी शिकवलं. प्रोसेसर करतो काय, कोअर म्हणजे काय, कुठला प्रोसेसर कुठल्या बोर्डावर बसतो, खेळायचं असेल तर पैसा कुठं घालायचा आणि कुठं हात आखडायचा. फुकट शिकवलं. वर चहा आपलाच पाजला.

सर हुशार माणूस. महिन्याभरात सगळं पाठ झालं, आणि वर्ष संपायच्या आत ते मास्तरांच्या चुका काढायला लागले.

फक्त प्रोसेसर घेतला नाही, म्हणून कॉम्प्युटरही नाही.

या धंद्यात हा रोग शिकलेल्यांनाच होतो. नवा प्रोसेसर आला की जुन्याचा भाव उतरतो. शहाण्याला वाटतं, चार महिने कळ काढली तर त्याच पैशात वरचा मिळेल. मिळतोही. पण तोवर त्याच्या पुढच्याची बातमी आलेली असते.

मास्तर दर वेळी सांगायचे, सर, आज घेऊन टाका, पोरगी खेळेल. सर म्हणायचे, दिवाळीनंतर. मग म्हणायचे, लाल कंपनीचा नवा येतोय. मग निळ्या कंपनीनं भाव पाडलाय, अजून पाडेल. मधलं एक वर्ष सगळंच महाग झालं, ते नुसतं वाट बघण्यात गेलं.

सुरुवातीला मुलगी बरोबर यायची. केतकी तिचं नाव, तेव्हा सहावीत होती. शाळेच्या गणवेशातच यायची आणि जिन्यातच विचारायची, "बाबा, आज न्यायचा ना?"

सातवीत हे विचारणं बंद झालं. आठवीत येणंच बंद झालं. सर मात्र येत राहिले, भावांचे तक्ते घेऊन.

आणि आज विचारत होते, सहा की आठ. विचारत कसले, मास्तरांची परीक्षा घेत होते. उत्तर खिशातल्या कागदावर तयार होतं.

"केतकी कितवीला आहे आता?" मास्तरांनी विचारलं.

"त्याचा इथं काय संबंध?"

मास्तर धूळ काढत राहिले...

"बारावी झाली," सर म्हणाले. "पुण्याला असते. हॉस्टेलवर."

मग हळूहळू बाहेर पडलं. जूनमध्ये गेली ती घरी आलेली नाही. आईशी तासतासभर बोलते. यांनी फोन घेतला की हो, नाही, बरं, ठेवते. दिवाळीला तिनं यावं, आठ दिवस राहावं, पूर्वीसारखं शेजारी बसावं, एवढंच या माणसाला हवं होतं. ते ऐकून मला त्यांची दया आली.

पण ती दोन मिनिटंच टिकली. कारण सरांनी लगेच कागद काढला आणि सहा कोअरवाला या घडीला कसा सगळ्यांत फायद्याचा आहे, हे आम्हाला पाव तास समजावलं.

"सहा वर्षं थांबलो, मास्तर. पण तेव्हा जो दुप्पट पैशात मिळत नव्हता, तो आज निम्म्यात मिळतोय. माझं गणित चुकलेलं नाही."

"तुलना करायला मी शिकवलं, सर," मास्तर म्हणाले. "घ्यायला शिकवायचं राहिलं."

सर हसले. त्यांना ते कौतुक वाटलं.

"सहाचा घ्या," मास्तर म्हणाले.

"मीही तेच म्हणतोय," सर म्हणाले, आणि कागद घडी करून खिशात ठेवला.

मास्तर उठले. कपाटातून खोकी काढली. चष्मा वर सारून प्रोसेसर त्याच्या खाचेत अलगद बसवला, तो तापू नये म्हणून त्यावर पेस्ट लावली. सर त्यांच्या डोक्याशी उभे राहून म्हणाले, पेस्ट जरा जास्त होतेय. मास्तरांनी थोडी पुसून काढली. माझं डोकं तापलं. या हातांनी निम्म्या कराडला मशिनं जुळवून दिलीत, आणि हे कालचे आलेले त्यांना पेस्ट शिकवतात! मास्तरांनी मात्र वर पंखा चढवून स्क्रू आवळले.

दीड तासानं मशिन सुरू झालं. खरं सांगतो, झकास चाललं. सरांनी पडद्यावरचे आकडे मोठ्यानं वाचले, कुठं किती गरम होतंय, सेकंदाला किती चित्रं निघतायत. चेहरा नुसता फुलला होता.

"तो होडीचा गेम घाला ना," ते म्हणाले. "आमचा."

होडीचा गेम म्हणजे एक होडी, दोन वल्ही आणि दोन माणसं. एकाचं चुकलं की दोघंही पाण्यात. केतकी यायची तेव्हा बापलेक इथंच, मास्तरांच्या मशिनवर तो खेळायचे. पाण्यात पडले की लेकीपेक्षा बापच मोठ्यानं हसायचा. तेव्हा मला हा माणूस आवडायचा.

मास्तरांनी गेम घातला. सरांनी फोन लावला आणि आम्हालाही ऐकू यावं म्हणून स्पीकरवर ठेवला.

"केतकी, घेतला बघ! आपला कॉम्प्युटर. होडीचा गेमसुद्धा घातलाय."

"कुठला गेम, बाबा?"

सरांनी सांगितलं. होडी. वल्ही. तू उजवीकडं बसायचीस...

पोरीनं आठवायचा प्रयत्न केला. खोटं कशाला बोलू, खरंच केला. मग म्हणाली, असेल. म्हणाली, मी आता गेम वगैरे खेळत नाही बाबा, आणि दिवाळीत मैत्रिणीच्या गावी चाललेय, आईला सांगितलंय. मेसमध्ये नंबर लागलाय, ठेवू का?

तिच्या आवाजात राग नव्हता. कंडक्टरशी बोलावं तशी बोलली, नीट आणि सभ्यपणे. चिडली असती तर बरं झालं असतं.

"ठेव," सर म्हणाले.



सरांनी खुर्ची ओढली. कंट्रोलर हातात घेतला आणि बटण दाबलं. पडद्यावर काठाला लागलेली होडी. डावीकडं एक माणूस वल्हं धरून बसलेला, उजवी जागा मोकळी. खाली एक ओळ लुकलुकत होती, दुसरा खेळाडू आला की सुरू होईल, अशा अर्थाची.

सरांनी पुन्हा बटण दाबलं. मग सगळी बटणं दाबून पाहिली. ती ओळ त्यांनी वाचली नसेल असं मला वाटत नाही. गणित शिकवणारा माणूस आहे, सगळं वाचतो.

"पुढं जात नाही हो," ते म्हणाले. पडद्यावरून नजर काढली नाही. "प्रोसेसर कमी पडतोय का, मास्तर?"

मास्तरांनी फडक्याला हात पुसले.

"प्रोसेसर अगदी बरोबर आहे, सर. थांबा. तुम्हाला जमतं ते."