उशी गिळलेला भाता

एकदा असं झालं, की एका अख्ख्या गावाची झोप उडाली. एका रात्रीची नाही, बरं का. ज्वारी गुडघ्याला लागली तेव्हा उडाली, ती कणसं भरली तरी परत आली नाही.

सातपुड्यातल्या एका उंच डोंगरावरचं ते गाव. आणि झोप उडवली कोणी? एका रानडुकराने. साधंसुधं डुक्कर नव्हतं ते. त्याचे कान होते सुपाएवढे. दोन डोंगरांपलीकडे मुंगीने दाणा ओढला तरी त्याला ऐकू यायचं. लोक त्याला म्हणायचे सुपकान्या. कधी पहाटे यायचा, कधी भर दुपारी, आणि एका फेरीत एक शेत आडवं करून जायचा.

मग गावाने काय केलं? पाळ्या लावून रात्रंदिवस ढोल बडवायला सुरुवात केली. ढोल वाजला की डुक्कर येणार नाही म्हणे. डुक्कर यायचंच. मग हे आणखी जोरात बडवायचे. अशी ही शहाणी माणसं!

मग सगळं गाव पेंगायला लागलं. कोणी घास तोंडात धरून झोपलं, कोणी म्हैस सोडून खुंट्यालाच पाणी पाजलं. एक नवरदेव तर हळद लागता लागता घोरायला लागला. नवरीने कोपराने ढोसलं तेव्हा उठला.

त्या गावात ठुमली नावाची एक बाई होती. अर्धे केस पिकलेले, नवरा मागेच वारलेला. तिचा नेम असा, की उडतं पान झाडाला टाचून ठेवील. पण ती दमली होती हो. खांदे दमले, गुडघे दमले, पापण्यासुद्धा दमल्या. तिच्या घरात एक उशी होती, सावरीच्या कापसाची. तिच्या सासूने, रोहमीने, बोंडं वेचून वेचून भरलेली. ठुमली दिवसातून दहादा त्या उशीकडे बघायची, आणि ढोल बडवायला जायची.

मग एके सकाळी गावच्या दामजा पाटलाने तिला बोलावलं.

"ठुमले, कापणीला चार दिवस उरलेत. एवढी ज्वारी हाती लागली नाही, तर गाव मोडायचं. चुली उचलायच्या आणि डोंगर उतरायचा. सगळ्यांचे हात झोपेने कापतात. कामठा तूच घे." कामठा म्हणजे धनुष्य, बरं का.

"माझेही कापतात, पाटीलबाबा. मी सांगत नाही एवढंच," ठुमली म्हणाली. पण तिच्या मनात आलं, डोंगर उतरायची ताकद आता कोणाच्या पायात आहे? जावं लागेल.

त्या गावाची एक रीत होती. शिकारी मेला की त्याचा बाणांचा भाता पाटलाच्या घरी आढ्याला टांगायचा. पुढे ज्याला शिकारीला जायचं, त्याने त्यातला एक निवडायचा. आणि दुसरी रीत अशी, की भाता गच्च भरल्याशिवाय शीव ओलांडायची नाही. रिकामा भाता नेला तर माणूस रिकाम्या हाताने परत येतं म्हणे. पाटील स्वतः शिवेवर उभा राहून तपासायचा.

आढ्याला तीन भाते होते. पहिला तांब्याचा. ठुमली आत आली तसा तो बोलायलाच लागला. "मला घे! मी सात अस्वलं बघितलीत! माझ्यासारखा भाता या डोंगरात नाही!"

"घे, घे. तालेवार माणसाचा आहे तो," पाटील म्हणाला.

ठुमलीने घेतला. दमलेलं माणूस निवडत बसत नाही, हाताला लागेल ते उचलतं. भाता बाणांनी गच्च भरला, खांद्यावर घेतला आणि दुपारच्या उन्हात निघाली. सुपकान्या मोहाच्या झाडाखाली उभा होता. ठुमलीने हात मागे नेला, बाण उपसला, आणि तांब्यावर वाजलं, किण्! सुपं ताठ झाली. डुक्कर उधळलं, ते ज्वारीतूनच गेलं. दोन शेतं आडवी. त्या पळापळीत ठुमलीचे सगळे बाण गवतात सांडले.

मग तिसऱ्या दिवशी ती पुन्हा आली. दुसरा भाता बिबट्याच्या कातड्याचा. तो हळू बोलायचा, पण मिजास तीच. "मी वाजत नाही," तो म्हणाला. "मला बघूनच जनावरं थरथरतात."

ठुमलीने घेतला. घरात होते तेवढे बाण त्यात कोंबले आणि निघाली. गवतातून सरपटत गेली, कोपरं सोलवटली. भाता वाजला नाही, खरं आहे. पण गच्च भरलेल्या बाणांतून एक उपसला, तशी पिसांवर पिसं घासली, खर्र! डुक्कर वळलं ते तिच्याच अंगावर आलं. ठुमली ओढ्यात उडी टाकून वाचली. बाण मात्र दगडांवर पडून मोडले. राहिले किती? तीन.

ती ओली, लंगडत पाटलाकडे गेली. म्हणाली, "तो तिसरा काढ."

तिसरा भाता होता बांबूचा. कोपऱ्यात टांगलेला, उंदराने कुरतडलेला.

"तो कशाला? तो बाईचा आहे. तुझ्या सासूचा," पाटील म्हणाला.

"मग मी कोण आहे, तुझा मेव्हणा?" ठुमली म्हणाली. आणि तिने स्वतःच काढला.

या भात्याने काही मिजास केली नाही. तो एवढंच म्हणाला, "बाई गं, मी दमलोय. जन्मभर पोटात बाण टोचले. एक दिवस डोळा लागला नाही."

ठुमलीला हसू आलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. ती त्याला घरी घेऊन गेली, तीन बाण आत ठेवले. ते आत खडखडले. रिकाम्या भात्यात खडखडणारच की! आणि पाटील शिवेवरून सोडणार नाही, ते वेगळंच. नवे बाण करायला चार दिवस लागतात. चार दिवस कोणाकडे होते?

मग ठुमलीने त्या उशीकडे बघितलं.

खूप वेळ बघितलं. मग दातांनी शिवण उसवली. मूठ मूठ कापूस काढला आणि तिन्ही बाणांच्या भोवती भात्यात भरत गेली. शेवटची मूठ भरताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पण भाता म्हणाला, "आहाहा," आणि झोपून गेला. घोरलासुद्धा नाही, बरं का.

शिवेवर पाटलाने हात आडवा धरला. "तीनच बाण! भाता रिकामा आहे!"

"हात घालून बघ," ठुमली म्हणाली.

पाटलाने हात घातला. भाता गच्च. तो वाटेतून बाजूला झाला.

मग ठुमली मोहाखाली गेली. भाता गप्प. सुपकान्या उभा होता. तिने नेम धरला कानाच्या मुळाशी, पहिला बाण उपसला, सोडला. पण बाणाच्या टोकाला कापसाचा हा एवढा बोळा चिकटून आला होता! बाण मऊ लागला आणि खाली पडला. बोळा कानात बसला. आणि काय झालं? डुकराचा तो कान खाली पडला. त्या बाजूचा डोळा मिटला.

ठुमली बघतच राहिली. मग तिला डुकराचा दुसरा डोळा नीट दिसला. लाल, सुजलेला. अगदी तिच्यासारखा. अहो, एवढे मोठे कान, आणि रात्रंदिवस ढोल! तेही ज्वारी गुडघ्याला लागल्यापासून झोपलं नव्हतं. न झोपलेलं जनावर उधळणार नाही तर काय करणार?

तिने दुसऱ्या बाणाला मुद्दाम कापूस गुंडाळला. दुसऱ्या कानात मारला. सुपकान्या गुडघ्यांवर बसला, मग कुशीवर पडला, आणि असा घोरला की मोहाची पानं हलली.

तिसरा बाण भात्यात होता. ठुमलीने त्याला हात लावला. मग तसाच राहू दिला.

गावात येऊन तिने आधी ढोलाची काठी हिसकावली.

"डुक्कर कुठाय?" पाटलाने विचारलं.

"झोपलंय. कोणी ढोल वाजवला तर त्यालाच उठवायला पाठवीन."

सुपकान्या आठ दिवस झोपला. आठ दिवसांत गावाने सगळी ज्वारी कापली, कुजबुजत, पाय न वाजवता. नवव्या दिवशी तो उठला, अंग झाडलं आणि रानात गेला. पुन्हा शेतात आला नाही. गाव मोडलं नाही, चुली उचलल्या नाहीत. अजून तिथे ज्वारी भरली की प्रत्येक घरातून मूठभर कापूस मोहाखाली ठेवतात, आणि ढोल लग्नालाच वाजतो.

आणि ठुमली? सगळ्या गावाने तिला मूठ मूठ कापूस आणून दिला. तिने नवी उशी भरली, डोकं टेकलं. शेजारी भाता निजलेला. ती सुखात, तो सुखात, पाटीलही सुखात. अजून झोपली आहे ती. तुमचा आवाज तिच्यापर्यंत जाईल. पाय पांघरुणात घ्या, आणि मिटा डोळे.