ताईच्या मडक्यातले वाल

उंदरांच्या बिळातही चूल पेटायची, त्या काळातली ही गोष्ट. गुटल्या उंदराची ताई वारली आणि बिळात तिच्या हातचं एक मडकं मागे राहिलं. त्यात वाल होते, पण सगळे चुलीच्या राखेने माखलेले.

"ताईचं मडकं, आणि इतकं घाण!" गुटल्याला भडभडून आलं. थांबून विचार करायची सवय त्याला नव्हतीच. त्याने रडत रडत एकेक वाल धुतला, मिशांनी पुसला आणि परत मडक्यात भरून झाकण लावलं.

थोड्याच दिवसांत ते झाकण आपोआप वर उचललं गेलं. प्रत्येक वालाला पांढरं शेपूट फुटलं होतं! गुटल्या किंचाळत शेजारच्या बेडूकमावशीकडे धावला. "मावशी, वालांचे उंदीर झाले!"

मावशी पोट धरून हसली. "अरे खुळ्या, मोड आलेत ते! कीड लागू नये म्हणून ताईने राख लावली होती. बियाणं होतं तिचं."

गुटल्याचं तोंड उतरलं. "म्हणजे तिचं शेवटचं बियाणंही मी घालवलं?"

"रडत बसलास तर घालवलंस. ऊठ, माती उकर आणि आत्ताच पेर!"

त्याने बांधावर सगळे वाल पेरले. थंडीत वेल शेंगांनी लगडले. शेंगा वाळल्यावर गुटल्या नवे वाल राखेत घोळवायला बसला आणि नाकापासून शेपटीपर्यंत राखाडी झाला.

मावशी दारातच थबकली. "अगं बाई! मला वाटलं, तुझी ताईच बसलीय."

 गुटल्या काही बोलणार, एवढ्यात त्याला अशी शिंक आली की मावशीही राखेत न्हाली.