धुक्यातली निवडणूक

ढग थकले की जिथे खाली बसायला यायचे, अशा एका उंच डोंगरावर फार फार पूर्वी एक गाव होतं. गावात एक तळं. तळ्याचं पाणी कुणाच्या शेतात किती सोडायचं ते पाटकरी ठरवायचा, आणि हा पाटकरी गाव दरवर्षी निवडून द्यायचं.

रीत साधी होती. प्रत्येकाला एक कमळबी मिळे. भर उन्हात, साऱ्यांच्या देखत, ती आपल्याला पाटकरी म्हणून हव्या असलेल्या माणसाच्या टोपलीत टाकायची. जुना पाटकरी टोपलीमागेच बसायचा. कुणाची बी दुसरीकडे पडली ते बरोब्बर ध्यानात ठेवायचा आणि त्याच्या शेतात वर्षभर पाणीच सोडायचा नाही. असला लबाड! तरी दरवर्षी तोच निवडून येई. प्रत्येकाला वाटे, बाकीच्यांना तो आवडत असणार.

गावाच्या टोकाला एक म्हातारी राहायची. गेल्या वर्षी तिने बी दुसऱ्या टोपलीत टाकली आणि तिचा मळा वाळून गेला. यंदाही पाणी मिळालं नाही, तर तिला गाव सोडावं लागणार होतं.

निवडणुकीच्या सकाळी तळ्यावरून धुकं उठलं. सायीसारखं दाट. घरं बुडाली, झाडं बुडाली, स्वतःचा हातही दिसेना.

"आज राहू द्या," पाटकरी घाईने म्हणाला. "ऊन पडलं की बघू."

"अरे बाबा, बी टाकायला हात लागतो, डोळे कशाला हवेत?" म्हातारी म्हणाली. "तुझ्या टोपलीला कडुनिंबाचा डहाळा बांध, दुसरीला आंब्याचा. वासावरून कळेल आम्हाला."

"हो, हो!" चहूकडून आवाज आले. कोण बोललं ते पाटकऱ्याला कळेना.

मग एकेक जण स्वप्नात चालल्यासारखा आला आणि गेला. बी पडल्याचा आवाज तेवढा येत होता.

दुपारी धुकं विरलं. आंब्याच्या टोपलीत बियांची रास होती. कडुनिंबाच्या टोपलीत एकच बी, पाटकऱ्याची स्वतःची. त्याने बायकोकडे पाहिलं. ती तळ्यातली कमळं बघत होती.

"अगं बाई, मला वाटायचं मी एकटीच!" म्हातारी म्हणाली.

"आम्हालाही तसंच वाटायचं, आजी!" सगळे म्हणाले, आणि गाव पोट धरून हसलं.

त्याच संध्याकाळी नव्या पाटकऱ्याने पाणी सोडलं आणि ते म्हातारीच्या मळ्यात खळखळलं. पुढच्या वर्षापासून गावाने टोपल्यांभोवती जाड पडदा बांधला. धुकं काही सांगून येत नाही.

यातलं तात्पर्य एवढंच: आपण कुणाला मत दिलं ते आपल्यापुरतंच राहिलं, तरच माणूस भीती सोडून मनातलं मत देतो.