झाडांच्या गळ्यातल्या पाट्या

एकदा एका गावच्या शाळेत एक तरुण शिक्षिका रुजू झाली आणि आल्या आल्याच तिने विज्ञानाचा तास चार भिंतींबाहेर काढला. शाळेमागच्या आवारात सात झाडे होती. तिने तिथे सतरंज्या अंथरल्या, स्वतःच्या हाताने पत्र्याच्या पाट्या रंगवल्या आणि प्रत्येक झाडाच्या गळ्यात एकेक अडकवली. पाटीवर झाडाचे नाव, पानांची चव, उपयोग, सारे काही होते.

मुख्याध्यापकांना हे खूळ वाटले. "बाई, शनिवारी तपासणीला साहेब येतायत. मुलांनी धडाधड उत्तरं दिली तर ठीक, नाहीतर सोमवारपासून तास पुन्हा वर्गात," त्यांनी बजावले. झाले! बाईंचा जीव टांगणीला लागला.

त्याच गावात तिचे लहानपणीचे गुरुजी राहत. ऐंशी ओलांडली होती, पण नजर तल्लख. शुक्रवारी तास पाहायला तिने त्यांना बोलावले. गुरुजींनी एकदा पाठीवर हात ठेवावा, एवढीच तिची इच्छा.

गुरुजी तिच्याही आधी येऊन सतरंजीच्या कडेला बसले होते. मुले पहिल्या झाडापाशी गेली आणि एका सुरात म्हणाली, "हे कडुनिंबाचे झाड आहे. याची पाने कडू असतात."

ती चपापली. झाड तर चिंचेचे! तिसरीतली देवयानी त्याच झाडाखालची चिंच मिटक्या मारत चोखत होती आणि तोंडाने 'कडू असतात' म्हणत होती. पुढे तोच गोंधळ. आंब्यासमोर उभी राहून मुले शेवग्याच्या शेंगांचे गुण गाऊ लागली. पाट्यांची कुणीतरी अदलाबदल केली होती.

"गुरुजी, हे तुम्ही केलंत?"

"मीच केलं. सकाळी लवकर आलो होतो," गुरुजी शांतपणे म्हणाले.

रागवावे तर समोर गुरुजी, हसावे तर उद्या साहेब येणार. "पण का, गुरुजी? उद्या माझी परीक्षा आणि आज तुम्ही अशी फजिती करता? माझं चुकलं तरी काय, तेच कळेनासं झालंय!" तिचे डोळे भरून आले.

"अगं, रडतेस काय वेड्यासारखी! कष्ट फार घेतलेस तू. पोरांना बाहेर आणलंस. पण येताना वर्गातला फळाही बरोबर घेऊन आलीस आणि त्याचे सात तुकडे करून झाडांना टांगलेस. उत्तर समोर लिहिलेलं असलं, की पोरं झाडाकडे कशाला पाहतील? त्या पोरीला पाटीपुढे तोंडातली चिंचसुद्धा खरी वाटली नाही, बघ."

ती पाट्या सोडवू लागली. योग्य झाडाला योग्य पाटी लावायला हात उचलला, पण तो पुढे जाईना. शेवटी सातही पाट्या तिने कपाटात ठेवून दिल्या. आपण बरे केले की होते तेही बिघडवले, हे तिला तेव्हाही उमगले नव्हते. उरलेला तास मुले पाने चुरगाळत, हुंगत, आपापसांत कडाकडा भांडत राहिली.

शनिवारी साहेब आले. आवारात पाऊल टाकताच त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या. "झाडांना नावं लावलेली नाहीत? मग मुलांना कळणार कसं?"

मुख्याध्यापकांनी बाईंकडे रोखून पाहिले. तेवढ्यात देवयानी पुढे आली. तिने एक पान चुरगाळून थेट साहेबांच्या नाकाशी धरले.

"साहेब, वास घ्या. आता सांगा बघू, झाड कुठलं?"

साहेबांनी वास घेतला. पुन्हा एकदा घेतला. मग हातातली वही काखेत मारून ते मान वर करून झाडाकडे पाहू लागले.

सोमवारी तास त्याच आवारात भरला. शिकवणाऱ्याने उत्तर देण्याआधी जरा थांबावे, एवढेच यातून घ्यायचे.