मोठ्या दोडक्याचा मान

रंगरावांचं पेठेत कापडाचं दुकान. भाजीचा वेल त्यांनी जन्मात पाहिला नव्हता, पण मुलाचे बाप म्हणून मान मात्र पावलोपावली हवा. सुनेच्या माहेरी जेवायला बसले आणि चुलीच्या वर आढ्याला टांगलेला हातभर दोडका पाहून त्यांनी ताट बाजूला सारलं.

"एवढा मोठा वर लपवलात आणि मला ही चिल्लीपिल्ली वाढता? मोठ्या माणसाला मोठ्याचीच भाजी हवी!"

सून चिमा कावरीबावरी झाली. तो दोडका बियाण्याचा. चिरला तर पुढच्या वर्षी वेल नाही, आणि मामंजी उपाशी उठले तर वर्षभर टोमणे.

तिची आई गोदाक्का मात्र हसली. "व्याहीबुवा, आमच्याकडे मोठ्याचा मान असाच राखतात. त्याला वर धुरात टांगायचं आणि पेरणीपर्यंत तिथून हलवायचं नाही. ताटात येतात ते कोवळे. आता बोला, तुमचा मान राखू की भाजी वाढू?"

रंगरावांनी काळ्याकुट्ट आढ्याकडे पाहिलं. खाली दाण्याचं कूट घातलेल्या भाजीचा वास दरवळत होता. त्यांनी ताट पुढे ओढलं.

"मान राहू द्या तिथेच, विहीणबाई," ते म्हणाले. "भाजी मात्र हात सैल सोडून वाढा."