गेनूच्या मापाचे जोडे

सांगवण गावी, नदीच्या उतारावर निवांत महाराजांचा मठ होता. मठ म्हणजे काय, तर चार खांब, वर कौलं आणि पुढे सारवलेला ओटा. महाराज स्वतः अनवाणी असत. पण दर्शनाला कुणीही आलं की त्यांची नजर आधी त्याच्या पायांकडे जाई. "तोंडाला काय, हसून वेळ मारून नेता येते," महाराज म्हणायचे, "पायांना नाही येत." कुणाचा जोडा चावत असला, तर उपदेश राही बाजूला आणि आधी खोबरेल तेलाची वाटी येई. अशी आमची माउली!

त्या गावात गेनू नावाचा मोतद्दार होता. सुभानराव देशमुखांच्या घोड्याचा लगाम धरून त्याने उभा जन्म वाट तुडवली. मालक घोड्यावर, गेनू पायी. मालक कुठे बैठकीला बसले की गेनू बाहेर उन्हात उभा. पायात मालकांनीच टाकलेले जुने जोडे. मालकांचा पाय निमुळता, गेनूचा फावड्यासारखा रुंद. त्या चेंगराचेंगरीत त्याची करंगळी शेजारच्या बोटावर चढून बसली, ती कायमचीच. संध्याकाळी पाय चोळताना बायको सगुणा कुरकुरायची, "येवढ्या मोठ्या घरात तुमच्या मापाचा जोडा मिळंना व्हय?" गेनू हसून म्हणायचा, "अगं, पायात हाय न्हवं? मग झालं तर!"

पुढे तापाची साथ आली. सुभानराव सकाळी गेले आणि गेनू त्याच दिवशी दिवेलागणीला. जन्मभर मालकांच्या पुढे चाललेला माणूस या एकाच वाटेला मागे राहिला.

त्या गावची एक रीत होती. तेराव्याला मृताच्या नावाने जोडे दान करायचे. पलीकडची वाट लांबची आणि काट्याकुट्यांची. दान घेणाऱ्याने ते जोडे पायात घालून नदीपर्यंत चालायचं, म्हणजे ते गेलेल्या माणसाला पोहोचतात. दिवस मावळेपर्यंत त्यात कुणी चाललंच नाही, तर तो बिचारा अनवाणीच राहतो, अशी लोकांची समजूत.

सगुणाने मनाशी धरलं, या वाटेला तरी धन्याच्या पायात त्याच्या मापाचा जोडा हवा. ती जोडे शिवणाऱ्या धोंडिबाकडे गेली. धोंडिबाने चकचकीत, टोकदार जोड पुढे केला. सगुणाने आत हात घालून दाबून पाहिला.

"बघाया झ्याक हाय, धोंडिबादादा. पर ह्यात दिसभर हुबं कसं ऱ्हायचं? बोटं पसरतील येवढा पुढनं रुंद करा. टाचंखाली आनिक एक पदर घाला. चामडं त्याल पाजून मऊ करा. आन् माप सांजच्या पायाचं धरा. चालून चालून पाय फुगत्यात."

"माप आणलंय का?"

सगुणाने वीत पसरली आणि पुढे चार बोटं ठेवली. रोज चोळलेल्या पायाचं माप हाताला ठाऊक असणारच!

तेराव्याला सारा गाव मठासमोर जमला. सुभानरावांचे चिरंजीव हैबतराव यांनी शहरातून जरीचे जोडे मागवले होते. टोकं वर वळलेली, वर मोराची नक्षी. बघणाऱ्यांचे डोळे दिपले. दान घेणाऱ्या शास्त्रीबुवांनी ते पायात घातले, थोडे पुढे गेले, ओठ आवळले आणि वळणापाशी पोहोचताच जोडे काखेत मारून नदी गाठली. लोकांनी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. देशमुखांच्या दानाला नाव ठेवणार कोण?

मग सगुणाने आपला जोड पाटावर ठेवला. हैबतराव खो खो हसले.

"सगुणाबाई, हे जोडे आहेत की होड्या? गेनूला वैतरणी चालून जायचीय की वल्हवत?"

मालक हसले म्हणताना सगळेच हसले. आता त्या जोड्यांत पाय घालून हसं कोण करून घेणार? सगुणा जोडे हातात घेऊन एकेकापुढे गेली. "दादा, नदीपातूर चला की. येवढंच चला." दादा मागे सरकले, मामा मागे सरकले. ऊन बाभळींच्या शेंड्यांवर गेलं. सगुणाचा धीर सुटला. "महाराज," ती ओरडली, "धनी अनवानी ऱ्हात्यात वो!"

महाराज ओट्यावरून उतरले. "सगुणे, दे इकडे."

शिष्य दचकले. "महाराज, आपण आजवर पायांत काही घातलं नाही!"

महाराज म्हणाले, "मला कुठं घालायचेत? घालायचेत गेनूला. मी नुसता पोचवणारा."

महाराजांची पावलं लहान, लेकराच्या पावलांसारखी. त्या जोड्यांत ते अडखळून पडतील, अशी सगळ्यांना धास्ती. पण पाय आत गेले आणि जोडे असे बसले की जणू अंगावरच वाढलेत! महाराज क्षणभर नुसते उभे राहिले. "बरं वाटतंय गं, उभं राहायला," ते म्हणाले. सगुणाने पदराने डोळे पुसले.

लोक मागोमाग निघाले. चालता चालता महाराजांनी विचारलं, "हैबती, तुझ्या वडिलांच्या कुठल्या पायाला कुरूप होतं रे?"

"कुरूप? आबासाहेबांना?" हैबतराव गडबडले.

सगुणा हळूच म्हणाली, "उजव्या टाचंला, महाराज. धनी त्यास्नी गरम त्याल लावायचं. थोरल्या मालकांची टाच भुईला टेकायची न्हाई. घोड्यावनं उतरलं की धन्याच्या खांद्यावर हात ठिवूनच चालायचं." हैबतरावांची मान खाली गेली ती वर आली नाही.

नदीच्या काठी ओल्या वाळूवर महाराजांनी जोडे काढून ठेवले आणि पाण्यात उतरून हात जोडले. साऱ्यांनी डोळे मिटून हात जोडले. डोळे उघडले, तो जोडे जागेवर नव्हते! आणि वाळूतून पाण्याकडे दोन माणसांची पावलं उमटली होती, शेजारी शेजारी.

एक पाऊल अनवाणी, फावड्यासारखं रुंद, करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली. "धनी!" सगुणाने वाकून पाहिलं. मग तिची नजर शेजारच्या पावलांवर गेली. ते ठसे जोड्यांचे होते, तिनेच शिवून घेतलेल्या रुंद जोड्यांचे. आणि त्यातली उजवी टाच वाळूला जेमतेम टेकली होती.

सगुणा रडता रडता भडकली. "बघा, महाराज, बघा ह्या मानसाची तऱ्हा! मी येवढं सांगून सांगून करून घ्येतलं, आन् ह्यांनी दिलं काढून मालकास्नी!"

महाराजांनाही हसू आवरेना आणि डोळ्यांतलं पाणीही आवरेना. "अगं, जरीचे जोडे काखेतच राहिले, तुझ्या जोड्यांनी मालकांची सोय केली," ते म्हणाले. मग हळूच मागे वळले. "पण हैबती, आमचा गेनू पुन्हा अनवाणीच राहिला रे."

हैबतराव देशमुख ओल्या वाळूत गुडघ्यांवर आले. त्यांनी आपल्या रेशमी उपरण्याची किनार फाडली, ती गेनूच्या पावलावर टाचेपासून बोटापर्यंत धरली आणि गाठ मारून माप घेतलं. मग आडवं माप घेऊ लागले.

सगुणा जवळ आली. "जरा सैल धरा, धाकलं मालक. करंगळीला जागा ऱ्हाऊ द्या."

दुसऱ्या दिवशी दुपारी धोंडिबाने जोडे दिले. ते पायात घालून भर उन्हात नदीपर्यंत चालत गेले स्वतः हैबतराव. वाटेत कुणी हसलं नाही. परत येताना ते अनवाणी होते. मठात त्यांनी महाराजांच्या पायांवर डोकं ठेवलं. महाराजांनी त्यांना खांद्याला धरून उठवलं आणि सगुणाकडे वळवलं. तिच्या भेगाळलेल्या पावलांवर देशमुखांचं कपाळ टेकलं, तेव्हा ती लाजून मागे सरली आणि म्हणाली, "उठा, मालक. पाय भाजलं असतील, त्याल लावते."