मालनबाईंचा दहाचा चहा

सकाळी बातमी आली आणि दहापर्यंत मालनबाईंच्या चहाच्या टपरीवर चिटपाखरूही फिरकलं नाही. परगावच्या कुठल्याशा टपरीत चहापत्तीला रंग चोळतानाचा व्हिडिओ कुणीतरी त्यांच्या नावाने गावच्या ग्रुपवर टाकला होता. समोरच्याच दैनिकाने रस्ता ओलांडून चौकशी करायचे कष्ट न घेता तो बातमी करून छापला: "मालनबाईंच्या विषारी चहापासून सावधान!"

दहा वाजता मालनबाई रोजच्याप्रमाणे किटली घेऊन त्या दैनिकाच्या कचेरीत गेल्या. संपादक धनवटेसाहेबांचा कप भरून त्यांनी विचारलं, "साहेब, व्हिडिओतली बाई मी आहे का?"

"चार हजार लोकांनी पुढे पाठवलाय, बाई. एवढे लोक खोटं बोलतील?" साहेबांनी शेवटचा घोट घेतला आणि सवयीने कप पुढे केला. "अर्धा अजून द्या."

मालनबाईंनी किटली खाली ठेवली. "विष म्हणून छापलंत आणि वर अर्धा मागताय? तुमचं छापलेलं तुम्हालाच पटत नाही, साहेब. मग गावाच्या गळी कशाला उतरवलंत?"

साहेबांनी मान खाली घातली. तिसऱ्या दिवशी आतल्या पानावर दोन ओळींचा खुलासा आला. तो कुणी वाचला नाही, कुणी पुढे पाठवला नाही.

आता मालनबाईंना एकच गिऱ्हाईक उरलंय. रोज दहाला समोरच्या कचेरीतून हाक येते, "मावशी, आठ चहा!"